एकच बंदूक ठेवायची तर

डॉक्टर दीनानाथ टिपणिसांकडे चार बंदुका होत्या आणि चौघींना एकेकच काम होतं. फेझंट या जड रानपाखरासाठी बारा बोअरची जोडनळी. कबुतरांसाठी हलकी वीस बोअर. सशांसाठी लहान रायफल, हरणांसाठी मोठी. प्रत्येकीच्या दस्त्यावर वेगळ्या रंगाची चिकटपट्टी आणि त्याच रंगाची पट्टी तिच्या काडतुसांच्या डब्यावर. कबुतरांसाठी बसलेले असताना समोरून फेझंट उठला तर टिपणीस बंदूक खाली करत आणि तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहत.

नॉटिंगहॅमबाहेरच्या ज्या शेतावर ते पस्तीस वर्षं जात होते, तिथल्या लोकांना हे फार गमतीचं वाटे.

"डॉक, तुमच्या या बंदुकीला फेझंट वर्ज्य आहे का? शनिवार पाळते का ती?"

डॉक हसायचे.

हॉस्पिटलातही ते असेच होते. भूलतज्ज्ञ म्हणून एकतीस वर्षं काढली. थिएटरमध्ये शिरल्यावर आधी सिरिंजा मांडायच्या, प्रत्येकीवर रंगीत लेबल, नाव मोठ्याने वाचायचं, टोचण्याआधी पुन्हा वाचायचं. हे सगळेच करतात. टिपणीस तिसऱ्यांदाही वाचायचे. सर्जन हातमोजे घालून ताटकळत उभा असायचा आणि टिपणीस ओठ हलवत असायचे. ज्युनियर डॉक्टर म्हणायचे, जप चाललाय. त्यांच्या हातून एकतीस वर्षांत एकदाही चुकीचं औषध गेलं नाही. निवृत्तीच्या दिवशी कोणीतरी भाषणात हे सांगितलं, टाळ्या झाल्या, आणि टिपणिसांना घाम फुटला.

सत्तरी ओलांडल्यावर पत्नी अनुराधाबाईंच्या दोन्ही खुब्यांनी दगा दिला. जिने नकोसे झाले. मुलगी वरदा रीडिंगला राहते. तिने गॅरेज पाडून आईबाबांसाठी तळमजल्यावर दोन खोल्या काढल्या. फोनवर तिने एकच अट घातली. वरदा इथेच जन्मली, तिचं मराठी अडखळत चालतं, पण अट स्पष्ट होती.

"बाबा, एकच बंदूक. आणि तो पण लॉकमध्ये. तनू सहा वर्षांची आहे. मला खरं तर एक पण नको आहे."

"एकही नको असेल तर तसं सांग."

"तसं नाही सांगत. ते तुझा एकच हॉबी आहे. पण चार नाही."

टिपणिसांनी फोन ठेवला आणि बराच वेळ पायऱ्यांवर बसून राहिले. चार ठेवता आल्या असत्या किंवा एकही नसती, तर त्यांना सोपं गेलं असतं. एक म्हणजे सगळ्या कामांना तीच. एक म्हणजे प्रत्येक वेळी आत काय भरलंय ते आठवायचं. त्रेपन्न वर्षं त्यांनी आयुष्य असं रचलं होतं, की हा प्रश्न आपल्यापुढे येऊ नये.

जावई मिलिंद ब्रॅकनेलला सॉफ्टवेअरमध्ये. त्याने बंदूक कधी हातात धरली नव्हती, पण निवड म्हटल्यावर त्याला स्फुरण चढलं. पुढच्याच वीकेंडला लॅपटॉप घेऊन तो नॉटिंगहॅमला हजर.

"बाबा, मी शीट केलीय. उभे कॉलम म्हणजे शिकार, कुठलं जनावर ते. आडव्या ओळी म्हणजे बंदुका. दहापैकी मार्क. आपल्याला काय हवंय, ऑलराउंडर. बॅटिंग, बोलिंग, आणि वेळ पडली तर कीपिंग."

"आणि हरीण?"

"हरणाला शून्य. छर्ऱ्याच्या बंदुकीने हरीण मारणं इथे कायद्यात बसत नाही, मी वाचलं. आणि रायफलीने उडतं पाखरू मारता येत नाही. म्हणजे हरीण ड्रॉप. सॉरी."

"अरे, हरणाने तुला सॉरी म्हणायला सांगितलंय का?" स्वयंपाकघरातून अनुराधाबाई म्हणाल्या. "त्याला बरंच वाटलं असेल."

मिलिंद हसला. टिपणिसांनी शीट पाहिली. नीट केली होती. वजन, नळीची लांबी, धक्का, किंमत. जो कॉलम त्यांना हवा होता तो त्यात नव्हता आणि मिलिंदला सांगता येण्यासारखाही नव्हता.

दोघे गावातल्या जुन्या बंदूकवाल्याकडे गेले. त्याचं नाव कीथ. टिपणिसांच्या चारही बंदुका त्याच्याच दुकानातून गेलेल्या. त्याने म्हणणं ऐकून घेतलं आणि वर-खाली नळ्या असलेली एक बारा बोअर काउंटरवर ठेवली.

"ही. बारा बोअरची काडतुसं कुठेही मिळतात, मुंगीपासून हंसापर्यंत," तो म्हणाला. "आणि हे बघा." नळीच्या तोंडात बसवायच्या पाच छोट्या कड्या त्याने डबीतून काढल्या. "हे चोक. हा लावला तर छर्रे लवकर पसरतात, ससा जवळून मारायला. हा लावला तर लांबपर्यंत एकत्र राहतात. बदकांवर शिसं चालत नाही, स्टील लागतं. तुमच्या जुनीला ते झेपलं नसतं, हिला झेपतं. बंदूक तीच. बदलायचं ते फक्त आत."

"फक्त आत," टिपणीस म्हणाले.

"शिवाय हे जास्त सेफ आहे, डॉक. तुमच्याकडे वीस बोअर आणि बारा बोअर एका घरात. वीसचं काडतूस बारीक, ते चुकून बाराच्या रुंद नळीत गेलं की घसरत मधे जाऊन अडकतं. नळी रिकामी दिसते. माणूस मागून दुसरं भरतो आणि बार काढतो. मग बोटं शोधायची. तुम्ही समजता चार बंदुका म्हणजे सावधपणा. मी म्हणतो, चारपट घोळ."

मिलिंद खूष झाला. "ऐकलंत, बाबा? सिंगल पॉइंट ऑफ..." मग 'फेल्युअर' हा पुढचा शब्द त्याला बरा वाटला नाही, म्हणून तो थांबला.

टिपणिसांनी बंदूक उचलली. खांद्याला लावली. ती इतकी बरोबर बसली की त्यांनी ती लगेच खाली घेतली. असं बसणं त्यांना ठाऊक होतं. आयुष्यात एकदाच एक बंदूक अशी बसली होती.

ती अप्पांची. त्यांच्या वडिलांची. माणगावच्या पुढे डोंगराच्या अंगाला त्यांचं गाव. घरात एकच बंदूक होती, ठासणीची, आणि तिच्यावरच सगळी शिकार. दारू ओतायची, काथ्या ठासायचा, वर रानकोंबड्यासाठी बारीक छर्रे किंवा डुकरासाठी जाड गोळ्या, पुन्हा काथ्या. एकदा ठासलं की आत काय आहे ते देवालाही दिसत नाही. म्हणून अप्पांनी एक रीत ठेवली होती. डुकराचा बार भरलेला असला की चापाच्या कडीला लाल चिंधी बांधायची. चिंधी नसली की कोंबड्याचा बार. भात पोसवलं की डुकरं खाचरात उतरत. त्या दिवसांत चिंधी कायम असे.

एकाहत्तर साली दीनानाथ एकोणीस वर्षांचा होता. मुंबईला डॉक्टरकीचं दुसरं वर्ष. दसऱ्याला घरी आला होता. खंडेनवमीला शस्त्रं पुजायची, तर बंदूक पुसून पाटावर मांडायचं काम त्याच्याकडे आलं. त्याने दस्त्याला तेल लावलं, नळी बाहेरून चकचकीत केली. चापाला बांधलेली चिंधी तेलकट, काळपट, रक्ताची की चिखलाची कोण जाणे. पूजेला असली घाण कशी ठेवायची? त्याने ती सोडली आणि चुलीत टाकली. बंदुकीला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. आई म्हणाली, नव्यासारखी दिसते.

दुसऱ्या दिवशी शिलंगणाची शिकार. हाक्याला, रान उठवायला, कातकरवाडीची नऊ माणसं. अप्पा म्हणाले, आज पहिला बार डॉक्टरसाहेबांचा. दीनानाथने चापाकडे पाहिलं. चिंधी नव्हती. काल ती आपणच चुलीत टाकली, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. करवंदीच्या जाळीतून रानकोंबडा फडफडत निघाला, खालून, जमिनीलगत. त्याच्या मागे ऐंशी पावलांवर गोमा हिलम काठी आपटत येत होता. ऐंशी पावलांवर बारीक छर्रे म्हणजे टोचणारा पाऊस, फार तर शिव्या. दीनानाथने बार काढला.

गोमाच्या मांडीतल्या फुटलेल्या धमनीचं नाव त्याला पाठ होतं. तिच्यावर कुठे दाबायचं तेही. तो दाबत होता. बोटं गरम झाली आणि मग हळूहळू गार.

पोलीसपाटील अप्पांच्या ओसरीवरचे. पंचनाम्यात डुक्कर आलं. डुकराच्या सुळ्याने मांडी फाडली असं लिहिलं गेलं, कातकऱ्यांनी अंगठे उठवले, अप्पांनी ती बंदूक होडीतून नेऊन खाडीत टाकली. सुट्टी संपली तेव्हा दीनानाथ मुंबईला परत गेला. परीक्षेत त्याला शरीररचनाशास्त्रात पहिला नंबर मिळाला.

पुढे विलायत, नोकरी, लग्न, घर. अनुराधाबाईंना त्यांनी कधी सांगितलं नाही. दर खंडेनवमीला त्या म्हणायच्या, अहो, एक तरी काढून पाटावर ठेवा. ते स्टेथोस्कोप आणि पाने-स्क्रू ड्रायव्हरचा सेट ठेवायचे. "शस्त्रं कपाटात आणि पूजा पान्याची," अशी त्या मैत्रिणींत थट्टा करायच्या.

असा माणूस पुन्हा बंदुकीकडे का वळला, हे त्यांना स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. हॉस्पिटलातल्या एका सर्जनने एका हिवाळ्यात बोलावलं. नाही म्हणून सांगायला गेले. तिथे झाडीतून हाका येत होता. गोरी माणसं, रबरी बूट, पण बुंध्यावर काठी आपटल्याचा आवाज तोच. टिपणिसांनी झाडीत शिरताना मोजली तर अकरा माणसं होती. बाहेर आली तेव्हाही अकरा. पण मधे, ती पानांआड असताना, बारावा एक होता. पाठमोरा. पुढे सरकत नव्हता.

तेव्हापासून ते जात राहिले. एक बंदूक, एक काम, एक काडतूस. अकरा आत, अकरा बाहेर. प्रत्येक हिवाळ्यात पंधरा-वीस वेळा, पस्तीस वर्षं. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. ही संख्या पुरेशी मोठी झाली की बारावा कधीतरी वळेल किंवा निघून जाईल, असं त्यांना वाटत असावं. तो तिथेच असे. त्याचा चेहरा आता टिपणिसांना आठवतही नव्हता. फक्त पाठ, आणि मानेवर चिकटलेलं वाळकं पान.

त्यांनी कीथकडून ती बंदूक घेतली. आधीच्या चार त्याच्याकडे जमा केल्या. रंगीत पट्ट्या काढताना गोंद निघेना, तेव्हा कीथ म्हणाला, राहू द्या, मी स्पिरिटने काढतो.

जानेवारीचा शेवटचा शनिवार हा त्या शेतावरचा त्यांचा शेवटचा दिवस. मिलिंद बघायला आला होता, उसन्या बुटांत. सकाळी फेझंटचे दोन हाके झाले. टिपणिसांनी दोन पाखरं पाडली, दोन्ही उंचावरची, सावकाश. जेवणानंतर सगळे तळ्याकडे बदकांसाठी वळले. त्यांनी उजव्या खिशातली काडतुसं डबीत टाकली, डाव्या खिशात स्टीलची भरली, स्वतःशी मोठ्याने म्हणाले, "स्टील, तीन नंबर." मिलिंद म्हणाला, "बाबा, कॉकपिटमध्ये बसल्यासारखं वाटतंय."

बदकं आली नाहीत. उजेड होता म्हणून शेतमालकाने मध्येच बेत बदलला. कुंपणाच्या झाडीतून एक शेवटचा छोटा हाका काढू, फेझंटचा. सगळे भराभर जागा घेऊ लागले. टिपणिसांनी बंदूक बिजागरीशी मोडून उघडली, काडतुसं काढली, भरली, मिटली. किंवा काढली असं त्यांना वाटलं.

काठ्या वाजायला लागल्या. झाडीतून एक नर फेझंट निघाला, तांबूस, जड, जमिनीपासून हातभर उंचीवर, सरळ त्यांच्या उजवीकडे. त्याच्या मागे झाडीत हाकेवाल्यांचे पांढरे झेंडे हलत होते. बंदूक आपोआप खांद्याला लागली. बोट चापावर होतं. आणि त्या क्षणी त्यांना कळलं की नळ्यांमध्ये काय आहे ते आपल्याला माहीत नाही. आठवत नव्हतं असं नव्हे. तिथे आठवणीची जागाच नव्हती. चापाला चिंधी आहे का ते त्यांनी पाहिलं. बारावा नेहमीच्या जागी उभा होता. तो वळायला लागला होता.

फेझंट निघून गेला.

"बाबा! का नाही मारला? एवढा सोपा होता! मी पण मारला असता!"

"खालचं पाखरू मारत नाहीत," टिपणीस म्हणाले. इथला तो नियमच आहे, मिलिंदला पटलं. मग त्यांनी पाठ करून बंदूक मोडली. वरच्या नळीत फेझंटचं काडतूस होतं. खालच्या नळीत बदकाचं. दोन्ही त्यांनीच भरलेली. त्यांनी ती काढून वेगवेगळ्या खिशांत ठेवली आणि परतीच्या वाटेवर तीन वेळा थांबून रिकाम्या नळ्यांतून आभाळ पाहिलं.

फेब्रुवारीत घर हललं. रीडिंगच्या खोलीत कपाटामागे लोखंडी पेटी बसवली, तिच्यात ती एक बंदूक. किल्ली कुठे ते फक्त टिपणिसांना ठाऊक, कायदाच तसा. अनुराधाबाई म्हणाल्या, पंचेचाळीस वर्षांच्या संसारात एवढं एक गुपित ठेवायला पोलिसांनी तुम्हाला मुभा दिली आहे. टिपणीस त्या दिवशी जेवले नाहीत.

रात्री झोप लागायची, पण सकाळी उठल्यावर आधी पेटी उघडून ते बंदूक मोडून बघायचे. रिकामी असायची. दात घासायचे आणि पुन्हा बघायचे.

मार्चमध्ये परवाना नव्याने करायचा होता. पोलिसांकडून तपासणीला बाई आली. पन्नाशीची, नीटनेटकी, नाव डॉन. पेटी हलवून पाहिली, बंदुकीचा नंबर ताडला, मग टेबलाशी बसून नेहमीचे प्रश्न. तब्येत, औषधं, पिणं, घरात भांडणं. अनुराधाबाई शेजारच्या ओट्याशी चहा करत होत्या. दार उघडं होतं.

"बंदुकीने कधी अपघात? थोडक्यात बचावलात, असंही काही?" डॉन म्हणाली. ती कागदावर "नाही" लिहायला टेकलीच होती. गेल्या सात वेळा वेगवेगळ्या माणसांनी हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला होता आणि सातही वेळा टिपणिसांनी नाही म्हटलं होतं.

"हो," टिपणीस म्हणाले.

तिने मान वर केली.

त्यांनी सांगितलं. इंग्रजीत, केस पेपर वाचावा तसं. वय एकोणीस. अंतर ऐंशी पावलं. डाव्या मांडीत गोळी, मुख्य धमनी. मृत्यू साधारण पंचवीस मिनिटांत. बंदुकीत काय आहे ते दाखवणारी खूण मी स्वतः काढून टाकली होती, आदल्या दिवशी, पूजेसाठी. कागदोपत्री कारण, रानडुक्कर. मग जानेवारीतलंही सांगितलं, दोन नळ्यांतली दोन काडतुसं.

डॉनने आधी जानेवारीचंच विचारलं. "जानेवारीत बार काढलात का?"

"नाही."

"मग तो अपघात नाही. आणि ते दुसरं..." तिने पेन खाली ठेवलं. "डॉक्टर, पन्नास वर्षांहून जुनी गोष्ट, दुसऱ्या देशातली. गुन्हा नोंदलेला नाही. मला हे वर कळवावं लागेल. पण खरं सांगू? मला वाटत नाही यावरून कोणी तुमचा परवाना अडवेल. तुमच्याइतकं काटेकोर रेकॉर्ड मी पाहिलेलं नाही."

टिपणिसांना वाटलं होतं, कोणीतरी अडवेल. त्यासाठी तर त्यांनी सांगितलं होतं. इतकी वर्षं ते अशा माणसाची वाट पाहत होते, जो ऐकेल आणि म्हणेल, बंदूक इकडे द्या. आणि ही भली बाई त्यांना म्हणत होती, ठेवा.

"तुम्ही आजच घेऊन जा," ते म्हणाले. "परवानाही. मी सही करतो."

"विचार करायला वेळ घ्या. एक आठवडा."

"नको. घेऊन जा."

तिने पावती लिहिली. त्यांनी बंदुकीचे दोन भाग सुटे केले, तिच्या समोर दोन्ही नळ्या उजेडाकडे धरल्या. तिने पाहिलं, मान हलवली, पिशवीत घातलं. दारापर्यंत पोचवायला टिपणीस गेले. गाडी वळून दिसेनाशी झाली. परत आले तेव्हा अनुराधाबाई टेबलाशी बसल्या होत्या. चहाचे तीन कप तसेच, साय धरलेले.

टिपणीस समोर बसले. त्यांना वाटलं, त्या आता विचारतील, मला का नाही सांगितलंत. त्याचं उत्तर त्यांच्याजवळ तयार होतं, अनेक वर्षं घासून गुळगुळीत केलेलं.

"त्याला बायको होती?" अनुराधाबाईंनी विचारलं.

"होती."

"नाव काय तिचं?"

टिपणिसांनी तोंड उघडलं. गोळ्या किती होत्या ते त्यांना माहीत होतं. वारा कुठून होता, जाळी कुठल्या बांधावर होती, रानकोंबड्याच्या शेपटीतलं एक पीस तुटकं होतं. त्या बाईला त्यांनी पाहिलं होतं, वाडीच्या तोंडाशी, कडेवर मूल. ती ओरडली नव्हती. तिने अप्पांच्या पायांकडे पाहिलं होतं.

"माहीत नाही," ते म्हणाले.

"मुलं?"

"एक होतं. आणखी असतील. विचारलं नाही."

"पन्नास वर्षांत नाही?"

"नाही, अनू."

अनुराधाबाईंनी कप बाजूला सारले. टेबलाला धरून त्या उठल्या, खुबा दुखला तेव्हा थांबल्या, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा. तिकडे संध्याकाळचे पाच. टिपणिसांची चुलतबहीण सुलक्षणा अजून गावातच राहते आणि तिच्या भाताला आजही कातकरवाडीची माणसं येतात.

"सुलक्षणाताईंना फोन लावा," त्या म्हणाल्या.

"काय विचारू?"

"नाव विचारा. ती अजून आहे का ते विचारा. मूल कुठे आहे ते विचारा."

"ती विचारेल, आत्ताच का."

"विचारू देत."

अनुराधाबाईंनी फोन टिपणिसांच्या हातात दिला आणि समोरची खुर्ची ओढून बसल्या. पलीकडे घंटी वाजू लागली.